'द डार्क साइड ऑफ द मून': सराउंड आवृत्त्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा हा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला आणि दर काही वर्षांनी नव्या खोक्यात पुन्हा येतो. कुठली आवृत्ती घ्यावी, कुठली 'जास्त चांगली वाजते', हे प्रश्नही दर खेपेला तेच असतात. उत्तरं देणाऱ्याची आवडनिवड त्यात उतरणारच. माझीही उतरली आहे, तिथे मी तसं म्हटलं आहे.

या अल्बमचे सराउंड मिक्स एकूण किती?

सराउंड म्हणजे ऐकणाऱ्याच्या भोवती मांडलेल्या स्पीकरांसाठी केलेला आवाज. त्याचे अधिकृत मिक्स तीन. पहिला मूळ अल्बमचे ध्वनितंत्रज्ञ ॲलन पार्सन्स यांचा १९७३ चा क्वाड्राफोनिक (थोडक्यात क्वाड), म्हणजे चार कोपऱ्यांत चार स्पीकर. दुसरा ध्वनितंत्रज्ञ जेम्स गथ्री यांचा ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर), जो २००३ साली तिसाव्या वर्धापनदिनाला एसएसीडीवर (सुपर ऑडिओ सीडी, सीडीचंच वरच्या दर्जाचं रूप) आला. तिसरा गथ्री यांचाच डॉल्बी ॲटमॉस (यात वरूनही आवाज येतो), पन्नाशीच्या निमित्ताने २०२३ मधला.

दुकानात दिसणाऱ्या बाकी सगळ्या सराउंड डिस्क म्हणजे या तिघांपैकी एखादा मिक्स नव्या वेष्टनात. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे वाद आपोआप मिटतात.

मग लोक 'ब्लू-रेचा आवाज एसएसीडीपेक्षा चांगला' असं म्हणतात ते?

बहुतेक वेळा ते दोन वेगवेगळ्या मिक्सची तुलना करत असतात आणि श्रेय फॉरमॅटला देतात. मिक्स म्हणजे कुठलं वाद्य किती मोठं आणि कुठल्या स्पीकरमधून, हा निर्णय. मास्टरिंग म्हणजे त्या तयार मिक्सवर शेवटचा हात. फॉरमॅट म्हणजे नुसतं भांडं. कानाला जाणवणारा फरक याच क्रमाने कमी होत जातो: मिक्सचा फरक कुणालाही कळतो, मास्टरिंगचा लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळतो आणि फॉरमॅटचा कळतो असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला आधी आवाजाची पातळी समान करून डोळ्यांवर पट्टी बांधून ऐकवावं.

१९७३ साली चार स्पीकरची कल्पना आली कुठून?

पिंक फ्लॉइडला ती नवी नव्हतीच. १२ मे १९६७ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमधल्या कार्यक्रमात त्यांनी सभागृहाभोवती स्पीकर लावून आवाज फिरवला होता. त्यासाठी ॲबी रोड स्टुडिओचे तंत्रज्ञ बर्नार्ड स्पाइट यांनी 'ॲझिमथ कोऑर्डिनेटर' नावाची पेटी बनवली. तिची दांडी ज्या दिशेला वळवाल तिकडे आवाज जायचा. त्यामुळे हा अल्बम घडत असतानाच आवाज खोलीभर पसरणार हे गृहीत होतं.

'टाइम'च्या सुरुवातीला एकदम वाजणारी घड्याळं हे याचं चांगलं उदाहरण. ती मुळात या गाण्यासाठी नव्हतीच. पार्सन्स यांनी ती क्वाड तंत्राच्या प्रात्यक्षिकाच्या रेकॉर्डसाठी एका घड्याळांच्या दुकानात जाऊन टिपली होती, प्रत्येक घड्याळ वेगळं. बँडला त्यांनी ती ऐकवली आणि ती अल्बममध्ये गेली. स्टिरिओमध्ये त्या घड्याळांचा नुसता गलका होतो, चार स्पीकरवर मात्र एकेक घड्याळ वेगळं ओळखू येतं.

'मनी'च्या आधीचा गल्ल्याचा लूपही (फिरून फिरून वाजणारी टेप) तसाच. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याची घंटा अशा सात आवाजांचे टेपचे तुकडे पट्टीने मोजून कापले आणि जोडले. गाण्याचं सात मात्रांचं चक्र इथूनच सुरू होतं. हे आवाज एका पाठोपाठ एक येत असल्यामुळे ते स्पीकरांतून फिरवायला जणू मुद्दाम रचल्यासारखे आहेत.

फेब्रुवारी १९७३ मध्ये लंडनच्या तारांगणात पत्रकारांना अल्बम ऐकवला गेला, तेव्हा क्वाड मिक्स तयार नव्हता. रिक राइट वगळता बँडमधलं कुणी तिकडे फिरकलंच नाही. आपला अल्बम नीट ऐकवला जात नाही म्हणून स्वतःच्याच समारंभावर बहिष्कार. सराउंडबद्दल हे लोक किती गंभीर होते ते यावरून कळतं.

जुनी क्वाड एलपी मिळते आहे. घ्यावी का?

संग्रहात ठेवायला जरूर घ्या, ऐकण्यासाठी नको. इंग्लंडच्या क्वाड प्रतीवर क्यू४एसएचव्हीएल ८०४ हा क्रमांक असतो, तर साध्या स्टिरिओवर नुसतं एसएचव्हीएल ८०४. या एलपीवर चार चॅनल एसक्यू पद्धतीने दोन चॅनलमध्ये दुमडून भरलेले आहेत. ते उलगडायला डिकोडर लागतो. साध्या डिकोडरमध्ये पुढचं आणि मागचं एकमेकांत इतकं मिसळतं की 'मागून आवाज येतोय' हे पटवून घ्यावं लागतं. त्या काळी आठ ट्रॅकच्या कार्ट्रिजवर तोच मिक्स चार सुट्या चॅनलमध्ये मिळायचा. वेगळेपणा तिथे पूर्ण होता, पण टेपची सळसळ आणि कार्ट्रिजचा गाणं मध्येच तोडण्याचा स्वभाव सोसावा लागायचा.

२०११ च्या 'इमर्शन' बॉक्स सेटमध्ये हा मिक्स अधिकृतपणे पुन्हा आला, तोवर शौकिनांचं काम चोरट्या प्रतींवरच भागत होतं. या सेटच्या डीव्हीडीवर क्वाड मिक्स डॉल्बी डिजिटल या जागा वाचवायला आवळलेल्या फॉरमॅटमध्ये आहे, ४४८ आणि ६४० केबीपीएस असे दोन पर्याय. ६४० वाला लावा.

क्वाड चांगला की ५.१?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि एका शब्दात उत्तर देता येत नाही असाही हाच.

पार्सन्स यांचा मिक्स १९७३ चा आहे आणि त्या काळचा उत्साह त्यात भरलेला आहे. नवं तंत्र हाती आलं आहे तर वापरूनच दाखवू, असा बाणा. वाद्यं कोपऱ्यांत ठामपणे उभी केलेली आहेत, कुणी मधेमधे घुटमळत नाही. 'ऑन द रन'मधला सिंथेसायझर आणि 'एनी कलर यू लाइक' ऐकताना मान आपोआप मागे वळते. ध्वनी मात्र त्या मानाने जाडसर.

यामागे कारण आहे. सोळा ट्रॅकच्या टेपवर जागा अपुरी पडली की तेव्हा अनेक ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुढचं रेकॉर्डिंग करायचं. दर उतरवणीला सळसळ वाढते आणि झांजांचं टोक बोथट होतं. पार्सन्स यांनी ही दुसऱ्या पिढीची टेप वापरली, कारण तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. गथ्री यांनी तीस वर्षांनी मूळ पहिल्या पिढीच्या टेप काढल्या आणि त्या एकमेकींशी वेळेत जुळवून मिक्स केला. म्हणून ५.१ मध्ये निक मेसनचे ड्रम, विशेषतः झांजा, अगदी धुऊन काढल्यासारख्या लागतात. घड्याळांचा गलबला संपल्यावर 'टाइम'मध्ये जे रोटोटॉम (सुरात लावता येणारे छोटे ड्रम) येतात, तिथे दोन्ही मिक्स आलटून पालटून लावून बघा. फरक ऐकायला महागडी यंत्रणा लागत नाही.

मांडणीत मात्र गथ्री संयमी आहेत. गाण्याचा गाभा पुढे राहतो, मागचे स्पीकर अवकाश आणि हालचाल सांभाळतात. 'अस अँड देम'मध्ये शब्दाचे प्रतिध्वनी पुढून निघून खोलीभर विरत जातात, ते इतकं अलगद की तंत्राकडे लक्षच जात नाही. मूळ स्टिरिओ ज्याच्या अंगात मुरला आहे त्याला हा मिक्स परका वाटत नाही. काहींची तक्रार नेमकी हीच आहे.

माझं मत विचाराल तर अख्खा अल्बम शांतपणे ऐकायला गथ्री. मित्र घरी आले आहेत आणि सराउंड म्हणजे काय ते त्यांना दाखवायचं आहे, तर पार्सन्स.

२००३ मध्ये पार्सन्स यांनाच का बोलावलं नाही?

गथ्री 'द वॉल'पासून बँडबरोबर होते आणि त्यांचे विश्वासू. निर्णय बँडचा होता. पार्सन्स यांनी आपली निराशा जाहीरपणे बोलून दाखवली. गथ्री मूळ मिक्सशी जरा जास्तच प्रामाणिक राहिले, असं त्यांचं म्हणणं. क्वाड ऐकून झाल्यावर हे म्हणणं कळतं, पटो वा न पटो.

५.१ कुठल्या डिस्कवर ऐकावा: एसएसीडी की ब्लू-रे?

मिक्स तोच. २००३ ची एसएसीडी, २०११ च्या 'इमर्शन'मधली ब्लू-रे (२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ), २०२१ मध्ये ॲनालॉग प्रॉडक्शन्सने पुन्हा काढलेली एसएसीडी आणि २०२३ च्या बॉक्समधल्या डिस्क, सगळीकडे हाच. मूळ ॲनालॉग टेपची सळसळ या दोन्ही फॉरमॅटच्या मर्यादेपेक्षा कितीतरी वर आहे. तेव्हा 'अमुक फॉरमॅटमध्ये तपशील जास्त' हा दावा मी मनावर घेत नाही.

खरा फरक सोयीचा आहे. एसएसीडीसाठी ती वाचणारा प्लेअरच लागतो. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवल्यावर पर्याय कमी झाले, सोनीचे काही ब्लू-रे प्लेअर अजून एसएसीडी वाचतात. जुनं पहिल्या मॉडेलचं प्लेस्टेशन ३ कपाटात पडलं असेल तर टाकू नका, तेही वाचतं. ऑप्टिकल वायरीतून एसएसीडीचा आवाज बाहेर येत नाही, कॉपीची भीती हे कारण. एचडीएमआय लागतं किंवा मग सहा ॲनालॉग वायरींचं जंजाळ. ब्लू-रेला कुठलाही ब्लू-रे प्लेअर आणि एक एचडीएमआय वायर पुरते.

'एसएसीडीचा थर सीडीच्या थरापेक्षा किती चांगला ते त्याच डिस्कवर ऐका' असं एकाने सांगितलं. बरोबर आहे?

नाही, आणि २००३ च्या डिस्कवर तर मुळीच नाही. त्या डिस्कवर एसएसीडीचा आणि साध्या प्लेअरसाठी सीडीचा असे दोन थर आहेत. त्यातला सीडीचा थर एसएसीडीच्या स्टिरिओपेक्षा जास्त कॉम्प्रेस केलेला आहे: हळू आवाज वर खेचलेले, मोठे दाबलेले. ऐकू येणारा फरक त्या दाबण्याचा असतो.

डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल वाईट असतो का?

६४० केबीपीएसला वाईट नसतो. पण एक फसगत होते. डॉल्बी डिजिटलमध्ये संवादाच्या पातळीची एक नोंद असते आणि तिच्यानुसार रिसीव्हर (डिस्कचा आवाज स्पीकरांना पुरवणारा ॲम्प्लिफायर) आवाज चार डेसिबलने, कधी त्याहूनही जास्त कमी करतो. लोक मग म्हणतात, 'डीव्हीडी निर्जीव वाजते.' आवाज वाढवा, जीव येतो.

घरी तुलना करायची तर कशी?

पातळी आधी जुळवा, बाकीचं नंतर. दोन रेकॉर्डिंगमध्ये एक डेसिबलचा फरक असला तर तो 'मोठा' म्हणून ऐकू येत नाही, 'चांगला' म्हणून ऐकू येतो. रिसीव्हरचा चाचणी आवाज लावून मोबाइलवरच्या डेसिबल मीटरने प्रत्येक स्पीकर बसण्याच्या जागी ७५ डेसिबलला आणा. मोबाइलचा आकडा अचूक नसला तरी चालतो, सगळ्या स्पीकरना तोच आला म्हणजे झालं. मग प्रत्येक डिस्कचा एकच उतारा लावून व्हॉल्यूम समान करा आणि तो आकडा कागदावर लिहून ठेवा.

रिसीव्हरमधले नाइट मोड, डायनॅमिक व्हॉल्यूम, 'हॉल', 'स्टेडियम' असले सगळे चाळे बंद. तुकडे लहान ठेवा, अर्ध्या मिनिटाचे. अख्खं गाणं ऐकून मग दुसरं लावलं तर पहिलं आठवणीत राहत नाही, राहतं ते फक्त मत.

कुठले तुकडे लावावेत?

सुरुवातीची हृदयाची धडधड सबवूफर आणि पुढचे स्पीकर यांची सांधेजोड कशी आहे ते सांगते. ती सबवूफरच्या कोपऱ्यातून येते आहे असं वाटलं तर मांडणी चुकली आहे. 'मनी'चा लूप चारही स्पीकरांचा सूर सारखा आहे का ते दाखवतो. नाणी मागच्या स्पीकरमध्ये गेल्यावर डबड्यासारखी वाजू लागली तर डिस्कला दोष देऊ नका. त्याच गाण्यातल्या गिटार सोलोच्या मधल्या भागात रिव्हर्ब (घुमारा) पूर्ण काढून घेतलेला आहे आणि गिटार एकदम कोरडी, अगदी जवळ येते. तुमची खोली खूप घुमत असेल तर हा बदल जाणवणारच नाही.

'द ग्रेट गिग इन द स्काय' शेवटी ठेवा. क्लेअर टॉरी यांचा आवाज कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जातो आणि दाबलेल्या मास्टरिंगमध्ये हा चढ सपाट होतो. रविवारी संध्याकाळी येऊन तीस पौंडांत गायलेला हा तुकडा, आणि रचनेचं श्रेय मिळवायला २००४ मध्ये कोर्टात जावं लागलं. ध्वनीच्या गुणवत्तेशी याचा संबंध नाही, पण तो आवाज ऐकताना हे माहीत असावं.

एसएसीडी लावली की बास गायब होतो. डिस्क खराब आहे का?

बहुधा नाही. ॲनालॉग वायरींनी जोडलं असेल तर सबवूफरचं चॅनल दहा डेसिबलने कमी पोहोचतं आणि रिसीव्हरमध्ये ते भरून काढण्याची सोय शोधावी लागते. एचडीएमआयने जोडलं असेल आणि रिसीव्हर डीएसडी (एसएसीडीवरचा मूळ डिजिटल सिग्नल) थेट वाजवत असेल, तर लहान स्पीकरांचा बास सबवूफरकडे वळवण्याचं काम तो करतच नाही. प्लेअरमध्ये डीएसडीऐवजी पीसीएम (सीडीवर असतो त्या जातीचा डिजिटल सिग्नल) निवडा. शुद्धतेची पोथी सांगणारे नाकं मुरडतील, मुरडू द्या. बास परत येतो.

फ्लॅटच्या हॉलमध्ये मागचे स्पीकर ठेवायला भिंतच नाही. मग?

आपल्याकडच्या घरांची ही नेहमीची गत: सोफा भिंतीला टेकलेला, एका बाजूला गॅलरी, दुसरीकडे स्वयंपाकघराची वाट. ५.१ साठी मागचे स्पीकर पूर्ण मागे नसतात, ते कानांच्या किंचित मागे दोन्ही बाजूंना, मधल्या स्पीकरपासून साधारण ११० ते १२० अंशांवर असतात. सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला तरी काम भागतं. क्वाडला मात्र चार खरे कोपरे लागतात. ऐकण्यापुरत्या दोन खुर्च्या खोलीच्या मधोमध मांडायच्या आणि झाल्यावर उचलायच्या, हाच त्यावर उपाय.

मधला स्पीकर पुढच्या दोघांहून अगदीच लहान असेल तर ५.१ मध्ये तो बंद करून बघा. रिसीव्हर त्याचा आवाज डावी-उजवीकडे वाटून देतो आणि कित्येकदा निकाल सुधारतो.

ॲटमॉससाठी नवी यंत्रणा घेण्याइतका तो मिक्स चांगला आहे का?

केवळ याच्यासाठी? नाही. छताकडचे स्पीकर आधीच असतील तर जरूर ऐका. गथ्री यांनी इथे स्वतःचीच ५.१ ची विचारसरणी पुढे नेली आहे, हालचालींना उंची मिळाली आहे आणि आवाजांत मोकळीक जास्त आहे. 'ऑन द रन'चं विमान डोक्यावरून जातं तेव्हा हा अल्बम यासाठीच थांबला होता असं क्षणभर वाटतं. पण गाणी गाणीच राहतात, आणि ५.१ ज्याच्याकडे नीट लावलेला आहे त्याचं काही मोठं नुकसान झालेलं नाही. वरचे स्पीकर नसतील तर ॲटमॉसचा ट्रॅक लावून तो रिसीव्हरने दुमडून ऐकवण्यापेक्षा सरळ ५.१ चा ट्रॅक निवडा.

ॲपल म्युझिकवर ॲटमॉस आहे. मग डिस्क कशाला?

मिक्स तोच, पण स्ट्रीमिंगवर तो डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये आवळून येतो आणि ब्लू-रेवर ट्रूएचडीमध्ये काही न गमावता. हेडफोनवर तर खरे स्पीकर नसतातच, तिथे दिशांचा आभास गणिताने तयार केला जातो आणि कुणाच्या कानाला तो पटतो, कुणाच्या नाही. हेडफोनवर ऐकून या मिक्सबद्दल मत बनवू नका. हेडफोनवर मी स्वतः मूळ स्टिरिओच लावतो.

मग विकत काय घेऊ?

फक्त ५.१ हवा आणि प्लेअर आहे तर एसएसीडी, जुनी किंवा नवी, जी रास्त दरात मिळेल ती. ॲटमॉस हवा तर त्याची सुटी ब्लू-रे ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाली आहे, पन्नाशीचा अख्खा बॉक्स घेण्याची गरज नाही. त्या बॉक्समध्ये क्वाड मिक्स नाही, ही त्याची मोठी उणीव. एवढ्या किमतीत तो द्यायला हरकत नव्हती. क्वाड हवा असेल तर २०११ चा 'इमर्शन' जुन्या बाजारात शोधावा लागतो. त्यात गोट्या, स्कार्फ, कोस्टर असलं बरंच सामान आहे. ते हरवलेला सेट स्वस्त मिळतो आणि डिस्क त्याच असतात. परदेशातून मागवत असाल तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा, नाहीतर डिस्कपेक्षा तेच जड व्हायचे.

पिंक फ्लॉइडचं सराउंडमध्ये आणखी काय ऐकण्यासारखं आहे?

'विश यू वेअर हिअर'चा ५.१, तोही गथ्री यांचाच आणि माझ्या कानाला 'डार्क साइड'पेक्षा धीट. 'ॲनिमल्स'चा नवा मिक्स २०१८ मध्ये तयार झाला आणि २०२२ मध्ये ५.१ सकट बाहेर आला. त्यात मूळचा चिखल निघून गेला आहे. 'ॲटम हार्ट मदर'चा क्वाड २०१६ च्या 'द अर्ली इयर्स' या संचात आहे. पण सुरुवात 'विश यू'पासून करा, त्यातल्या 'शाइन ऑन' या गाण्यात गिटारचे ते चार स्वर येतात, त्यांच्यासाठी व्हॉल्यूम आधीच ठरवून ठेवा.